परतीची वेळ

“हणमंत, त्या फोनचा रिसीव्हर नीट बसलाय का बघ जरा.”

घारपुरे सरांनी सकाळपासून हे कितव्यांदा सांगितलं कोण जाणे. मी उठलो, रिसीव्हर उचलून कानाला लावला, आतला एकसुरी आवाज ऐकला आणि परत ठेवून दिला.

“बसलाय, सर.”

“वाजला तर ऐकू येईल ना? या पंख्यांच्या आवाजात?”

“येतो की. मागच्या खेपेला पारूबाईंना चुलीपाशी ऐकू आला होता.”

सरांनी मान हलवली आणि ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. जेवणं होईपर्यंत पवनचक्क्यांची रांग चांगली दिसत होती. मग कड्याच्या बाजूनं धुकं वर चढलं आणि एकेक चक्की पुसत आमच्याकडे आलं. आधी पाती गेली, मग खांब गेले. आवाज तेवढा राहिला. डोक्यावर कुणीतरी भलंथोरलं ओलं लुगडं झटकतंय, थांबतंय, पुन्हा झटकतंय, असा तो आवाज होता. इतकी वर्षं झाली, अजूनही दुपारी डोळा लागला की कधीकधी तो ऐकू येतो आणि मी कुठं आहे ते क्षणभर कळत नाही.

हे पठार साताऱ्याच्या डोंगरात, पाटणच्या वरच्या अंगाला होतं. मी नेटवर्कच्या कामाला नवा होतो आणि घारपुरे सरांच्या हाताखाली शिकत होतो. मोबाईल तेव्हा सगळ्यांकडे आले होते, पण त्यांची रेंज घाटाच्या शेवटच्या वळणावर आमची साथ सोडायची. वर आलो की उरायचा तो कंट्रोल रूममधला टेबलावरचा फोन, आणि तोही आमच्याच नेटवर्कवर चालणारा.

ते नेटवर्क सांगायला सोपं आहे. पठाराच्या अगदी टोकाला, कड्यावर, एक लोखंडी टॉवर होता आणि त्याच्या पायाशी एक खोली. त्या खोलीत एक स्विच, म्हणजे सगळ्या केबली एकमेकींना जोडणारी पेटी. कंट्रोल रूममधून निघालेली केबल जमिनीखालून त्या स्विचपर्यंत जायची, आणि तिथून पुढं टॉवरवरच्या थाळीतून सगळं हवेतून खाली गावातल्या ऑफिसात. आम्ही जगाशी जे काही बोलायचो ते त्या एका पेटीतून. तिच्याशेजारी भिंतीवर आणखी एक फोन होता. कंट्रोल रूममधला लागला नाही तर तो वाजायचा. ही सोय सरांनीच करून ठेवली होती.

सोयी करून ठेवणं हा सरांचा स्वभाव. सर कऱ्हाडला लग्नाला निघाले तरी आधी परतीच्या एसटीची वेळ विचारून घेत. घराची एक किल्ली शेजारी, एक ऑफिसात, एक पाकिटाच्या चोरकप्प्यात. घारपुरे बोहल्यावर चढले ते सुद्धा कार्यालयाचं मागचं दार बघून ठेवून, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. सर ते ऐकायचे आणि हसायचे. चिडताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

आणि तरीही याच माणसानं स्वतःच्या मुलीला दारात उभं करून सांगितलं होतं, हा उंबरा ओलांडलास तर परत यायचं नाही.

मला हे आमच्या जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं होतं. ऋजुता तिचं नाव. लग्न ठरलेलं, पत्रिका वाटून झालेल्या, आणि तिनं ते मोडलं. सर पाहुण्यांच्या दारोदार जाऊन माफी मागून आले आणि त्या संध्याकाळी ते वाक्य बोलले. ती निघून गेली. आई आधीच वारलेली होती, त्यामुळे मधे पडायला कुणी नव्हतं. त्यानंतर चार वर्षं बापलेकीचं बोलणं नाही.

त्या दिवशी सकाळी खालच्या ऑफिसातल्या ऑपरेटरनं सरांना निरोप दिला. ऋजुताचा फोन आला होता. साहेब वर डोंगरावर असतात म्हटल्यावर तिनं वरचा नंबर मागून घेतला. चारच्या सुमारास करते म्हणाली.

“उद्या नैरोबीला चाललीय ती,” सर खिडकीकडे बघतच म्हणाले. “तिथं नोकरी लागलीय.”

“चांगलं झालं की, सर.”

“हो. चांगलंच झालं.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “निघताना एकदा करावा, म्हणून करत असेल. रीत म्हणून.”

पारूबाई चहा घेऊन आल्या. पलीकडच्या वस्तीवरच्या त्या. आमची चहा-भाकरी त्यांच्याकडे असायची आणि न विचारलेली मतंही.

“सायेब, सकाळधरनं फोनकडं बघून बघून त्यो लाजला आसंल,” त्या म्हणाल्या. “च्या घ्या. लेक हाय, करंल.”

सरांनी चहा घेतला. कप खाली ठेवला आणि एकदम खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“हणमंत, वेळ आहे तोवर कड्यावरच्या स्विचचं ते काम उरकून टाकू. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या नव्या यंत्रांना वाट द्यायची आहे ना?”

“फोन होऊन जाऊ दे की, सर. मग करू.”

“दोन ओळींचं काम आहे. हात रिकामे असले की घड्याळ फार मोठं दिसतं.”

इथं त्या पेटीबद्दल थोडं सांगायला हवं. तिच्या पुढं केबली खोचायची भोकं आणि लुकलुकणारे दिवे असतात, पण खरी ती आत असते. तिची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते. तिच्यात चित्रं नाहीत, रंग नाहीत. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. आपण लिहायचं, तिनं ते करायचं. करू का, नक्की ना, असं ती विचारत बसत नाही. सर म्हणायचे, “ही आज्ञाधारक आहे, शहाणी नाही. शहाणपण आपण आणायचं.”

तिला आठवणी दोन असतात. एक चालू आठवण आणि एक जपलेली. आपण जे सांगतो ते चालू आठवणीत जातं आणि त्याच क्षणी लागू होतं. ते कायमचं राहावं असं वाटलं तर जपून ठेव म्हणून वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं आणि मधेच वीज गेली, तर पुन्हा जागी झाल्यावर तिला जुनं, जपलेलं तेवढंच आठवतं. मधलं सगळं स्वप्नासारखं विरून गेलेलं असतं.

सरांचा सगळा भरवसा या विसरण्यावर होता. लांबच्या स्विचवर काम करताना भीती एकच असते. ज्या फांदीवर बसलोय तीच तोडण्याची. आपण ज्या वाटेनं त्याच्याशी बोलतोय तीच वाट चुकून बंद केली, तर चूक दुरुस्त करायलाही त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. म्हणून सर कुठल्याही कामाच्या आधी स्विचला सांगून ठेवायचे, अमुक इतक्या मिनिटांनी तू स्वतः बंद होऊन पुन्हा चालू हो. मग काम करायचे. नीट झालं तर ती आज्ञा मागं घ्यायची. बिघडलं तर हाताची घडी घालून बसायचं. वेळ झाली की स्विच आपोआप पुन्हा चालू होतो, आपला प्रताप विसरतो आणि पहिल्यासारखा होतो. याला सर ‘परतीची वेळ लावणं’ म्हणायचे. परतीची वेळ लावल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांनी मला दिलेला पहिला धडा. दुसरा धडा काय होता ते आता मला आठवत नाही, कारण ते पहिलाच परत परत देत.

सर कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवर टाइप करत होते. मी कप विसळायला पारूबाईंकडे दिले आणि माघारी आलो. कामही सोपंच होतं. फोन, कॉम्प्युटर, यंत्रं अशा प्रत्येकाच्या वाहतुकीला एक नंबर असतो, आणि त्या केबलवरून कुठल्या कुठल्या नंबरची वाहतूक जाऊ द्यायची ते स्विचला ठरवून दिलेलं असतं. त्यात आणखी एक नंबर जोडायचा. फक्त तो ‘जोड’ असं म्हणून जोडावा लागतो. नुसता नंबर दिला तर ती आज्ञाधारक बाई पहिले सगळे पुसते आणि तेवढा एकच ठेवते.

सरांनी शेवटची ओळ लिहिली आणि एंटर दाबलं.

काळ्या पडद्यावरचा पांढरा ठोकळा लुकलुकायचा थांबला. सरांनी पुन्हा एंटर दाबलं. पुन्हा. मग फोनकडे माझं लक्ष गेलं. त्याच्या छोट्या पडद्यावर एरवी तारीख-वेळ असायची, ती जाऊन तिथं नुसती एक रेघ फिरत होती. मी रिसीव्हर उचलला. आत काही नव्हतं.

“सर,” मी म्हणालो, “फोन गेला.”

“‘जोड’ म्हणायचं राहिलं,” सर म्हणाले. अगदी हळू, दुसऱ्या कुणाबद्दल तरी सांगितल्यासारखं.

मला काळजी वाटली नाही. असं कुणाचंही होतं. “मग काय, हाताची घडी,” मी म्हणालो. “किती मिनिटांची वेळ लावलीत?”

सर पडद्याकडेच बघत राहिले.

“सर, परतीची वेळ लावली होती ना?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी पूर्वी पाहिला नव्हता. “लावली असेल,” ते म्हणाले. “लावतोच मी. तू बघ ना जरा.”

पडद्यावर आधी लिहिलेलं सगळं वर सरकवून बघता येतं. मी वाकलो आणि पहिल्या ओळीपर्यंत गेलो. आत शिरल्याची ओळ होती, मग ती चुकलेली ओळ. मधे काही नव्हतं. मी पुन्हा एकदा पाहिलं. मग नाही म्हणून मान हलवली.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन होऊन गेले होते.

स्विचला थेट जोडायची केबल जीपमध्ये होती, आणि जीप डिझेल आणायला खाली गेलेली. या धुक्यात ती घाट चढणार नाही हे पठारावरच्या म्हशीलाही कळलं असतं. पवनचक्क्यांचं काही बिघडलं नव्हतं. त्या आपापल्या फिरत होत्या. जगाला आम्ही दिसेनासे झालो होतो, एवढंच.

“स्विचची विजेची वायर काढून परत लावली की झालं, सर,” मी म्हणालो. “चूक जपलेली कुठं आहे? चालू आठवणीत आहे ती. उठल्यावर विसरेल.”

“कड्यापर्यंत जावं लागेल.” सर उठले आणि कोट शोधायला लागले. “मी जातो.”

“तुम्ही कसं जाल? गुडघे बघा तुमचे. आणि फोन कोण घेणार?”

“मेलेल्या फोनपाशी बसून काय करू मी?”

“जिवंत झाल्यावर उचलायला नको का कुणी?”

हे त्यांना पटलं. ते परत बसले. मग म्हणाले, “तिकडचा वाजेल, हणमंत. इथला लागला नाही की तिकडचा वाजतो. मीच केलंय तसं. तो वाजेल आणि उचलायला कुणी नसेल. तिला वाटेल, मी मुद्दाम…”

मी टोपी कानांवर ओढली.

दारात पारूबाई उभ्या होत्या. “दादा, आवाजाच्या मागं जाऊ नगंस,” त्या म्हणाल्या. “धुक्यात आवाज समद्या बाजूनं येतो. केबल गाडलीया तिथं पांढरं दगड रवलंत. एक दगड दिसल्याबिगर दुसरा सोडू नगंस.”

असा मी निघालो, आमच्याच केबलच्या डोक्यावरून चालत.

ती वाट मला आज कुणी मोजून दाखवली तर मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. एरवी सहज चालून जाण्यासारखी होती. त्या दिवशी तिला लांबी नव्हतीच. पायाखाली ओलं गवत, पुढं एक चुना लावलेला दगड, आणि बाकी सगळं दूध. दगडाशी पोचलो की थांबायचं, डोळे ताणायचे, पुढचा उमटेपर्यंत उभं राहायचं. मागं वळलो तर मागचा गेलेला. वर कुठंतरी पाती फिरत होती. एकदा एका चक्कीच्या खांबाला माझा हात लागला तेव्हा कळलं की ती इतकी जवळ आहे. लोखंड थंड होतं आणि आतून गुणगुणत होतं. मी उगीचच त्यावर तळहात ठेवून उभा राहिलो. वाटलं, मी चालतोय की नाही हेही आता नक्की सांगता येणार नाही. पायाखालच्या केबलीतून या क्षणी काहीच जात नसेल, ती पण माझ्यासारखीच रिकामी पडली असेल, असंही काहीबाही मनात आलं.

मग घंटा ऐकू आली.

आधी वाटलं गुरांच्या गळ्यातली. पण गुराची घंटा अशी मापून थांबत नाही. दोनदा वाजली, थांबली, दोनदा वाजली. टॉवरच्या खोलीतला फोन. त्याचा आवाज पुढून येत होता, डावीकडून येत होता आणि माझ्या पाठीमागूनही येत होता. पारूबाईंचं ऐकलं नसतं तर मी धावत सुटलो असतो, आणि पठार कुठं संपतं ते मला अगदी शेवटी कळलं असतं. मी दगड सोडले नाहीत. एक दगड, मग दुसरा. घंटा बंद पडली. पुढच्या दगडाशी पोचलो तर ती पुन्हा सुरू झाली, आणि त्या बाईबद्दल, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं, मला एकाएकी माया वाटली. एकदा न उचललेला फोन तिनं पुन्हा लावला होता.

खोलीची कडी गार आणि ओली होती. ती निघता निघेना. आत शिरून मी रिसीव्हर ओढला.

“हॅलो!”

“बाबा?”

“नाही ताई. मी हणमंत. सरांच्या हाताखाली आहे.”

“बाबा तिथं नाहीत का?”

“आहेत. म्हणजे इथं नाहीत. कंट्रोल रूममध्ये आहेत, फोनपाशीच बसलेत.”

“फोनपाशी बसलेत,” ती म्हणाली, “आणि फोन तुम्ही उचलताय.”

मला धाप लागली होती, शब्द जुळेनात. तिनं त्याचा वेगळाच अर्थ लावला.

“राहू द्या. कळलं मला. मी केला होता एवढं सांगा त्यांना. आग्रह नाही.”

“ठेवू नका ताई, पाया पडतो. तो फोन बंद पडलाय. सर कड्यावरच्या स्विचवर काम करत होते, त्यात वाट तुटली.”

“आत्ता? मी चारला करते म्हटल्यावर?”

“हात रिकामे राहवत नव्हते त्यांना.”

ती किंचित हसली असावी, पण ते हसणं बरं नव्हतं. “मग येईल की थोड्या वेळात,” ती म्हणाली. “बाबा परतीची वेळ लावल्याशिवाय कशाला हात लावत नाहीत. मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय ते. स्विच परत उठेल, सगळं होतं तसं होईल. त्यांचं कधी अडत नाही.”

“आज लावली नव्हती, ताई.”

“काय?”

“परतीची वेळ. विसरले ते. मी स्वतः वर-खाली करून पाहिलं. लिहिलीच नाही.”

पलीकडे मोठ्यानं चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला, मग कुणीतरी खोकी सरकवली. तिनं कुणाला तरी सांगितलं, “एक मिनिट, थांबा जरा.” आवाज थांबले.

“बाबा विसरले,” ती म्हणाली. ती मला विचारत नव्हती.

“सकाळपासून मला फोनचा रिसीव्हर बघायला लावलाय त्यांनी. बसलाय का बघ, बसलाय का बघ. पारूबाई चेष्टा करायला लागल्या.”

मी रिसीव्हर कानाला दाबून धरला होता. दारातून धुकं आत येत होतं आणि स्विचचे हिरवे दिवे त्यात विरघळल्यासारखे दिसत होते.

“तुम्हाला माहीत नाही ते कसे आहेत,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “आई गेली, त्या दिवशी आम्ही हॉस्पिटलातून घरी आलो. घर माणसांनी भरलेलं. मी कोपऱ्यात बसले होते. आणि बाबा उठले, त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन दुधाचं पातेलं धुतलं आणि दाराबाहेर ठेवलं. सकाळी दूधवाला येईल म्हणून. मी ते बघत होते. मला वाटलं, या माणसाला कशानंच काही होत नाही. आई गेली तरी हा पातेलं विसरत नाही. मी निघाले तेव्हाही माझ्यामागं दाराला कडी नीट लावल्याचा आवाज आला होता मला.”

मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. मला स्विच उठवता येत होता, एवढंच.

“आणि आज विसरले,” ती पुन्हा म्हणाली.

“हो ताई.”

“नक्की?”

“देवाशपथ.”

आता मला तिला ते सांगायचं होतं जे सांगण्याची हिंमत होत नव्हती. मी एका दमात सांगितलं. “ताई, तिकडचा फोन चालू करायचा तर मला स्विचची वायर काढावी लागेल. वायर काढली की हा फोनही जाईल. हा त्याच्यावरच चालतो. स्विच उठायला थोडा वेळ घेतो. मग तुम्ही परत करायचा, आणि तो सरांपाशी वाजेल.”

“आणि मी नाही केला तर?”

खोटं काय सांगायचं? “तर काही नाही,” मी म्हणालो. “सर बसून राहतील. अंधार पडेपर्यंत तरी बसतीलच. पारूबाई भाकरी आणतील, ती तशीच राहील.”

पलीकडून श्वास घेतल्याचा आवाज आला. मला वाटत होतं ती म्हणेल, करते मी परत. निदान बघते म्हणेल. मी त्या एका शब्दाची वाट बघत होतो. तेवढा मिळाला असता तर तो मी सरांना नेऊन दिला असता.

“काढा तुम्ही वायर,” ती म्हणाली.

मी रिसीव्हर खाली ठेवला नाही. एका हातात तो तसाच धरून दुसऱ्या हातानं वायर उपटली.

सगळे दिवे एकदम गेले. रिसीव्हरमधली घरघर तुटली. स्विचच्या आतला बारीक पंखा थांबला आणि तेव्हा कळलं की तो इतका वेळ बोलत होता. मी दहापर्यंत आकडे म्हटले, सरांनी शिकवले होते तसे, अजिबात घाई न करता. मग वायर परत खोचली.

स्विच उठताना मी त्याआधीही बघितला होता आणि त्यानंतर हजारदा बघितला असेल. आधी सगळे दिवे पिवळे होतात. मग सगळे जातात. आत ती सिस्टीम स्वतःला उलगडत असते, आपले हातपाय जागेवर आहेत का ते चाचपत असते, आपण कोण, आपलं नाव काय, आपल्याशी कोण कोण जोडलेलं आहे ते जपलेल्या आठवणीतून वाचत असते. बाहेरून काही दिसत नाही. आपण बसायचं. मी तिथल्या खोक्यावर बसलो. बाहेर पांढरं, आत अंधारं, आणि मी मधे कुठंतरी. मला झोपल्यासारखं झालं होतं, तरी डोळे उघडे होते. वाटलं, सरही तिकडे असेच बसलेत, तीही तिकडे तशीच बसलीय, आणि आम्हा तिघांच्या मधे ही एक पेटी आपलं नाव आठवतेय.

एक दिवा हिरवा झाला. मग दुसरा. मग कंट्रोल रूमकडे जाणाऱ्या केबलचा, आधी पिवळा राहिला, पिवळाच राहिला, आणि मग हिरवा झाला.

भिंतीवरच्या फोनच्या पडद्यावर तारीख आली, वेळ आली. मी त्याच्याकडे बघत बसलो. तो वाजला नाही. वाजायचं कारणच नव्हतं. आता वाजला तर तो तिकडे वाजणार. पण तिकडे वाजतोय की नाही हे मला इथं कळायला मार्ग नव्हता. सांगतो, त्या गप्प फोनसमोर मी जेवढा घाबरलो तेवढा कड्याच्या वाटेवरही घाबरलो नव्हतो. ती खोकी बांधायला लागली असेल. तिला वाटलं असेल, झालं, कळायचं ते कळलं. सर त्या रिसीव्हरवर हात ठेवून बसले असतील. आणि मी परत गेल्यावर ते विचारतील, तिकडचा वाजला होता का रे? मग मी काय सांगू?

थोडा वेळ मी तसाच राहिलो. मग राहवेना. मी उठलो, रिसीव्हर उचलला आणि कंट्रोल रूमचा नंबर फिरवला.

टूं, टूं, टूं.

एंगेज.

मी ठेवला. पुन्हा उचलला, नंबर पुन्हा नीट बघून लावला. एंगेज. त्या दिवशी सर स्वतः होऊन तो फोन दुसऱ्या कुणासाठी अडवून ठेवतील हे शक्य नव्हतं. मी रिसीव्हर कानाशी धरून तो आवाज ऐकत उभा राहिलो. एरवी लोक त्या आवाजाला वैतागतात. मी बरंच ऐकलं, मग रिसीव्हर जागेवर ठेवला आणि नीट बसलाय का ते बघितलं.

येताना मी मुद्दाम सावकाश आलो. एकेका दगडाशी उगीच थांबलो. धुकं थोडं वर उचललं होतं. चक्क्यांचे खांब गुडघ्यापर्यंत दिसत होते आणि वरचं सगळं अजून ढगात होतं.

पारूबाई पायरीवर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि सरकून जागा केली. मी त्यांच्याशेजारी बसलो. दार लोटलेलं होतं, पण पुरतं लागलेलं नव्हतं. आतून सरांचा आवाज येत होता. अधूनमधून तो यायचाच नाही, मग पुन्हा यायचा.

“हं,” सर म्हणत होते. “हं. स्वेटर घे. तिकडे उंचावर थंडी असते म्हणे… नाही गं, माझं काय. मी बरा आहे.”

मग बराच वेळ तिकडून तीच बोलत असावी. पारूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे रागानं बघितलं, जसं काही मीच त्यांना रडवलं होतं.

“ते सगळं राहू दे, ऋजू,” आतून सरांचा आवाज आला, घोगरा, पण अगदी आमच्या घारपुरे सरांचा. “आधी मला एक सांग. परतीचं तिकीट काढलंयस का?”